लोखंडी मुखवट्याआडचे कूट

१९७९ सालच्या सप्टेंबर महिन्यात अमेरिकेत ‘रॅपर्स डिलाइट’ नावाची एक ध्वनिमुद्रिका बाजारात आली. वाद्यांच्या ठेक्यावर यमकबद्ध बोलत जाण्याची जी रीत न्यूयॉर्क शहराच्या ब्रॉंक्स भागातील कृष्णवर्णीय मुलांनी काही वर्षे आधी सुरू केली होती, ती या तबकडीने प्रथमच देशाच्या कानाकोपऱ्यांत पोहोचविली. तीत तिघे गायक आहेत. त्यांपैकी बिग बँक हँक हा आपल्या पाळीत स्वतःची ओळख करून देताना एका नावाची अक्षरे एकेक करून उच्चारतो. ती जुळविली असता ‘कॅसानोव्हा फ्लाय’ असे नाव तयार होते. गंमत अशी की, हे नाव हँकचे नव्हतेच. ब्रॉंक्समध्ये गाजत असलेल्या आणि पुढे ग्रँडमास्टर कॅझ म्हणून प्रसिद्धीस आलेल्या तरुणाचे ते टोपणनाव होते. हँक त्या वेळी न्यू जर्सीतील एका पिझ्झाच्या दुकानात काम करीत असे. ध्वनिमुद्रणाची संधी अचानक चालून आली तेव्हा त्याने कॅझची वही मागून घेतली आणि तीतील कडवी जशीच्या तशी म्हटली; इतकी जशीच्या तशी की, मूळ कर्त्याची सहीदेखील खोडावयाचे राहून गेले. तबकडी लक्षावधींनी खपली. तिच्यावर कॅझचे नाव नव्हते आणि तिच्या उत्पन्नातील पैसाही त्याच्या हाती पडला नाही.

अभंगाच्या शेवटी येणारी नाममुद्रा ज्यांच्या कानी बसली आहे, त्यांना या प्रसंगातील विनोद समजावून सांगावयास नको. कोणी तुकोबांचा अभंग स्वतःचा म्हणून गावा आणि शेवटच्या चरणातील तुकोबांचे नाव तेवढे तसेच ठेवावे, तशातला हा प्रकार. परंतु यात विनोदाहून अधिकही काही आहे. त्याच अक्षरांत लक्षावधी श्रोत्यांना नुसती लयीची गंमत ऐकू आली, तर ब्रॉंक्समधील मोजक्या मंडळींना चोरीची कबुली. एकाच ओळीचे दोन श्रोते आणि दोन अर्थ, ही या काव्याची स्थिती त्याच्या पहिल्या गाजलेल्या तबकडीपासूनची आहे.

याचे कारण त्याच्या जन्मात सापडते. ११ ऑगस्ट १९७३ रोजी ब्रॉंक्समधील सेजविक अव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत एका मुलीने शाळा सुरू होण्यापूर्वीची मेजवानी ठेवली होती आणि तिच्या भावाने, म्हणजे जमैकाहून आलेल्या कूल हर्कने, तबकड्या वाजविण्याचे काम पत्करले होते. हिप हॉपचा इतिहास या रात्रीपासून मोजण्याचा प्रघात आहे. अशा मेजवान्यांत तबकड्या वाजविणाऱ्याचा सोबती ध्वनिक्षेपकावरून जमलेल्यांची नावे घेई, त्यांच्या थट्टा करी, शेजारच्या गल्लीला आव्हान देई. हे काव्य एका खोलीतील माणसांसाठी निर्माण झालेले होते. अमुक कोण आणि तमुक काल काय करून बसला, हे त्या खोलीत सर्वांना ठाऊकच असे. पुढे ध्वनिमुद्रिकेने काव्य खोलीबाहेर नेले. खोलीतील माहिती मात्र तेथेच राहिली. भाष्याची गरज निर्माण झाली ती येथे.

त्यात एका पंथाच्या परिभाषेची भर पडली. १९६४ साली हार्लेममध्ये क्लॅरेन्स १३ एक्स या नावाच्या माणसाने ‘फाइव्ह पर्सेंटर्स’, म्हणजे पाच टक्केवाले, हा पंथ काढला. जगातील ८५ टक्के लोक अंध, १० टक्के सत्य जाणून ते लपविणारे आणि उरलेले ५ टक्के सत्य शिकविणारे, अशी त्याची मांडणी होती. त्याने प्रत्येक आकड्याला अर्थ दिला: एक म्हणजे ज्ञान, दोन म्हणजे प्रज्ञा, तीन म्हणजे आकलन, आणि शून्य म्हणजे ‘सायफर’, पूर्ण वर्तुळ. हार्लेमला मक्का आणि ब्रुकलिनला मदिना म्हणावयाचे, हीही त्याचीच रीत. १९६९ साली त्याचा खून झाला, पण त्याची शिकवण रस्त्यावरच्या मुलांत टिकली आणि १९८७ च्या सुमारास राकिमसारख्या कवींच्या कडव्यांतून सर्वत्र ऐकू येऊ लागली. रॅपर गोलाकार उभे राहून पाळीपाळीने कडवी म्हणतात त्या रिंगणाला आजही सायफर म्हणतात. या शब्दाचा प्रवास मोठा लांबचा आहे. संस्कृतातील शून्याचे अरबीत सिफ्र झाले, त्याचे युरोपात सायफर झाले, तेथे त्याला गुप्तलिपी हाही अर्थ चिकटला, आणि अखेर ते हार्लेमच्या फुटपाथवर येऊन उभे राहिले.

१९९० नंतर या काव्याचा मोठा व्यापार झाला आणि त्याबरोबर एक वेगळा प्रवाह त्यातून फुटला. त्याला ‘अंडरग्राउंड’ म्हणतात. मराठीत भूमिगत म्हटले की १९४२ ची चळवळ, पत्री सरकार आणि पोलिसांचा ससेमिरा डोळ्यांपुढे येतो. येथे तसे काही नाही. मोठ्या कंपन्यांच्या आश्रयावाचून, थोड्या प्रती काढून, रात्री-अपरात्रीच्या नभोवाणी कार्यक्रमांच्या आधाराने जे चालते ते भूमिगत. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या नभोवाणी केंद्रावर १९९० ते १९९८ या काळात स्ट्रेच आर्मस्ट्रॉंग आणि बॉबिटो गार्सिया या दोघांचा कार्यक्रम मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत चाले. जागे राहून ऐकणाऱ्या त्या श्रोतृवर्गाला दहादा ऐकल्यावर उलगडणारी ओळ पहिल्याच वेळी कळणाऱ्या ओळीपेक्षा प्रिय होती. त्यांच्यासाठी लिहिणाऱ्यांत जो सर्वांत कूट ठरला, आणि ज्याच्या कूटाच्या मुळाशी वाचकांनी केलेली एक चूक आहे, त्याची हकीकत येथे सविस्तर सांगण्याजोगी आहे.

डॅनियल डुमिले याचा जन्म १९७१ साली लंडनमध्ये झाला. आई त्रिनिदादची, वडील झिंबाब्वेचे. लहानपणीच तो न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर आला आणि तेथेच वाढला. धाकटा भाऊ आणि एक मित्र यांना घेऊन त्याने ‘के.एम.डी.’ नावाची मंडळी काढली. भावाने ‘सबरॉक’ हे नाव घेतले आणि त्याने स्वतः ‘झेव्ह लव्ह एक्स’ हे. या नावाची रोमन अक्षरे उलट्या क्रमाने वाचली तर ‘एक्स उत्क्रांत होत आहे’ अशा अर्थाचे शब्द निघतात. कृष्णवर्णीय मुसलमान चळवळीत गुलामीच्या काळी लादलेले आडनाव टाकून त्या जागी एक्स हे अक्षर लावण्याची प्रथा होती, हे ज्याला ठाऊक त्याला त्या उलट्या वाचनाचे वजन कळेल. विशीही न गाठलेल्या मुलाचे हे कोडे आहे आणि ते कोठेही अवघडलेले नाही.

१९८९ साली ‘थर्ड बेस’ या मंडळींच्या ‘द गॅस फेस’ या गीतात त्याने प्रथम आपला आवाज दिला. गॅस फेस म्हणजे नापसंती दाखविण्यासाठी वेडावाकडा केलेला चेहरा. हा शब्द त्यानेच रूढ केला असे मानतात. पुढे ज्याने आपला चेहरा जगाला दाखविण्याचे सोडून दिले, त्याची पहिली ओळख चेहऱ्याच्या एका आविर्भावामुळे व्हावी, हा योगायोग विलक्षण खरा. १९९१ साली एलेक्ट्रा या मोठ्या कंपनीने के.एम.डी.चा ‘मिस्टर हूड’ हा गीतसंग्रह काढला. त्यातील मिस्टर हूड हे पात्र परभाषा शिकविणाऱ्या एका जुन्या ध्वनिमुद्रिकेतील वाक्ये कापून घडविलेले आहे. पाठ्यपुस्तकी सभ्य आवाज आणि गल्लीतील पोरे यांची संभाषणे त्यात अशी जुळविली आहेत की, दोन जगांतील अंतर कोणत्याही उपदेशावाचून ऐकणाऱ्याच्या ध्यानी येते.

या मंडळींचे बोधचिन्ह होते ‘सॅम्बो’चे काट मारलेले तोंड. सॅम्बो कोण, हे येथे सांगितले पाहिजे. १८३० नंतर अमेरिकेतील गोरे नट जळक्या बुचाच्या काजळीने चेहरे काळे करून, ओठ जाड आणि लाल रंगवून गुलामांची नक्कल करीत. त्या रंगभूमीवरील आळशी, खुळा, सदा हसणारा नोकर म्हणजे सॅम्बो. नाव त्याहूनही जुने. पण ते घरोघरी पोहोचले ते एका बालपुस्तकामुळे, आणि त्या पुस्तकाचा संबंध थेट हिंदुस्थानशी आहे. हेलन बॅनरमन या स्कॉटिश बाईंनी मद्रास इलाख्यात राहत असताना आपल्या मुलींसाठी ‘लिटल ब्लॅक सॅम्बो’ लिहिले आणि १८९९ साली ते लंडनमध्ये छापले गेले. त्यातील वाघ झाडाभोवती एकमेकांचा पाठलाग करीत अखेर विरघळून त्यांचे तूप होते. बाईंचे पती हिंदुस्थानच्या वैद्यकीय नोकरीत होते आणि पुढे मुंबईच्या प्लेग संशोधन प्रयोगशाळेचे प्रमुख झाले. पुस्तकाच्या अनेक अमेरिकी आवृत्त्यांनी मात्र त्या मुलाला रंगभूमीवरील विदूषकाचा चेहरा चढविला, आणि वाघ-तुपाची ही गोष्ट कृष्णवर्णीय मुलांना शाळेत चिडविण्याचे साधन होऊन बसली.

के.एम.डी.चा दुसरा संग्रह ‘ब्लॅक बास्टर्ड्‌स’. शीर्षकातच शिवी आहे. त्याच्या वेष्टनासाठी झेव्ह लव्ह एक्सने स्वतः चित्र काढले. फासावर लटकणारा सॅम्बो, आणि सोबत मधली अक्षरे गाळून त्या जागी रेघा मारलेले शीर्षक. इंग्रजी शाळांतील मुले गाळलेली अक्षरे ओळखण्याचा एक खेळ खेळतात. चुकीचे अक्षर सांगितले की कागदावरील माणसाचा एकेक अवयव फासावर चढत जातो. ज्या विटंबनेने पिढ्यान्‌पिढ्या माणसांना फासावर चढविले तिलाच येथे फाशी दिलेली आहे, असा त्या चित्राचा उघड अर्थ होता. आणि काट मारलेल्या तोंडाचे पहिल्या संग्रहातील बोधचिन्ह ज्याने पाहिले असेल, त्याला तो अर्थ शोधावा लागण्याचेही कारण नव्हते.

संग्रह पुरा होत आला असतानाच, एप्रिल १९९३ मध्ये, सबरॉक लाँग आयलंडवर एक महामार्ग ओलांडीत असता मोटारीखाली सापडून मरण पावला. थोरल्या भावाने उरलेले काम एकट्याने संपविले. १९९४ च्या वसंतात, संग्रह प्रकाशित होण्याच्या तोंडावर, संगीत-व्यवसायाच्या ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकातील एका स्तंभात त्या चित्रावर टीका आली. चित्र कृष्णवर्णीयांची विटंबना करणारे आहे, असा तिचा रोख होता. कंपनीला तेवढे पुरे झाले. दोनच वर्षांपूर्वी, १९९२ साली, त्याच उद्योगसमूहातील ‘कॉप किलर’ या गीतावरून देशभर गदारोळ माजून ते मागे घ्यावे लागले होते; तसल्या दुसऱ्या वादाची कोणाला हौस नव्हती. संग्रह रद्द झाला, करार संपला. अवघ्या वर्षभरात भाऊ गेला आणि भावाबरोबर केलेले अखेरचे कामही कपाटात बंद झाले. ते पूर्ण स्वरूपात लोकांपुढे यावयास आणखी सहा-सात वर्षे जावी लागली.

या काव्याच्या अर्थशोधनाकडे रिकामटेकड्यांचा छंद म्हणून पाहणाऱ्यांनी हा प्रसंग लक्षात घ्यावा. एक चित्र उलटे वाचले गेले. आणि ज्यांना ते सरळ वाचता येत होते, त्यांना कोणी विचारले नाही.

त्यानंतरची तीनएक वर्षे डुमिले लोकांच्या नजरेआड होता. या काळात आपण मॅनहॅटनच्या रस्त्यांवर भटकत होतो, बाकांवर झोपत होतो, असे त्याने पुढे मुलाखतींत सांगितले. १९९७ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या न्यूयोरिकन पोएट्‌स कॅफेत, नवोदितांच्या खुल्या मंचावर, चेहऱ्यावर बायकांचा मोजा ओढून कडवी म्हणणारा एक माणूस दिसू लागला. तो हाच. कोलंबियाच्या त्या नभोवाणी कार्यक्रमातील बॉबिटो गार्सियाने आपल्या छोट्या कंपनीतर्फे त्याच्या तबकड्या काढल्या आणि १९९९ साली ‘ऑपरेशन: डूम्सडे’ हा संग्रह आला. आता त्याचे नाव होते एम.एफ. डूम. एम.एफ. म्हणजे मेटल फेस, लोखंडी चेहरा. मोज्याच्या जागी धातूचा मुखवटा आला.

डूम हे नाव चित्रकथांतून आलेले आहे, हे सर्वांना ठाऊक असते. ‘फँटॅस्टिक फोर’ या मालिकेच्या १९६२ सालच्या पाचव्या अंकात डॉक्टर डूम हा खलनायक प्रथम अवतरला. स्टॅन ली आणि जॅक कर्बी हे त्याचे कर्ते. त्याची पूर्वकथा १९६४ सालच्या वार्षिक अंकात आली. आईबापांविना वाढलेला हा तल्लख मुलगा अमेरिकेत शिकावयास जातो, तेथे एक निषिद्ध यंत्र बनवितो, त्याचा स्फोट होऊन चेहरा विद्रूप होतो, आणि मग तिबेटातील भिक्षूंकडून तो पोलादी मुखवटा घडवून घेतो. ते यंत्र कशासाठी होते, हे पुढच्या कथांतून स्पष्ट होत जाते: मेलेल्या आईशी संपर्क साधण्यासाठी. मुखवट्याकडे पाहणारा बहुतेक श्रोता खलनायकाची ऐट पाहून थांबतो. त्या ऐटीच्या तळाशी मृत आप्ताला परत आणण्याची एक फसलेली धडपड आहे, हे ज्याने मूळ चित्रकथा वाचली त्यालाच ठाऊक. भाऊ गमावलेल्या माणसाने शेकडो खलनायकांतून नेमका हा निवडला. शिवाय डूम हे डुमिले या आडनावावरून पडलेले त्याचे घरगुती नाव होतेच, आणि इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ विनाश. एका लहानशा शब्दात घर, पुस्तक आणि शब्दकोश असे तिन्ही येऊन बसले आहेत.

संग्रहाच्या शीर्षकगीतातील पालुपदात हाच धागा आहे. आईच्या उदरापासून भाऊ गेला तेथवरच्या प्रवासाचा त्यात उल्लेख येतो. आपल्या थडग्यावर काय लिहिलेले असेल याचा विचार येतो. आणि तेथे ‘गव्हर्न्मेंट’ असा शब्द पडतो. परका श्रोता येथे सरकारवरील टीका शोधू लागेल. परंतु रस्त्यावरच्या बोलीत या शब्दाचा अर्थ सरकारदप्तरी नोंदलेले खरे नाव, एवढाच. थडग्यावर घेतलेले नाव वर आणि डुमिले हे खरे नाव त्याखाली. किंवा कोणास ठाऊक, थडगे निनावीही असेल, असे तो म्हणतो. त्याच संग्रहात एका गीताला शीर्षक म्हणून नुसते प्रश्नचिन्ह दिलेले आहे. ते गीत सबरॉकला उद्देशून आहे. मृत भावाशी बोलताना शीर्षक काय द्यावे, हे बहुधा कोणालाच सुचले नसते.

नाथांच्या भारुडातला विंचू हा विंचू नसतो, हे कीर्तन ऐकलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. तेथे अर्थ उलगडून देणारा कीर्तनकार शेजारी उभा असतो. डूमने तशी काही सोय ठेवली नाही. उलट सोंगे वाढवीत नेली. २००३ साली तो ‘किंग गिडोरा’ झाला. १९६४ सालच्या जपानी चित्रपटातील तीन डोक्यांचा हा सुवर्णराक्षस अंतराळातून येतो, आणि परग्रहावरून माणसांकडे पाहणाऱ्याची अलिप्तता या नावामुळे कवीला आयती मिळाली. त्याच वर्षी तो ‘व्हिक्टर व्हॉन’ही झाला, डॉक्टर डूमचे पूर्ण नाव व्हिक्टर फॉन डूम, त्यावरून हे. २००४ साली ‘एम.एम. फूड’ हा खाद्यपदार्थांवरील संग्रह आला, एम.एफ. डूम या नावाचीच अक्षरे फिरवून ते शीर्षक केलेले आहे. त्याच वर्षी मॅडलिब या संगीतकाराबरोबर केलेला ‘मॅडव्हिलनी’ हा त्याचा सर्वांत नावाजलेला संग्रह. त्यातील बऱ्याच चाली मॅडलिबने ब्राझीलमधील साओ पावलोच्या एका हॉटेलात, प्रवासी ध्वनियंत्र आणि तेथे विकत घेतलेल्या जुन्या तबकड्या यांवर बांधल्या. हाच मॅडलिब पुढे २००७ मध्ये हिंदी चित्रपटसंगीताच्या तुकड्यांवर आख्खा संग्रह करून मोकळा झाला.

‘मॅडव्हिलनी’त ‘फॅन्सी क्लाउन’ नावाचे एक गीत आहे. त्यात व्हिक्टर व्हॉन आपल्या प्रेयसीवर संतापलेला आहे, कारण ती दुसऱ्या कोणाच्या नादी लागली आहे. तो दुसरा कोण, याचा पत्ता धातूच्या मुखवट्याच्या उल्लेखावरून लागतो. कवीच्या एका सोंगाने कवीच्या दुसऱ्या सोंगाची प्रेयसी पळविली आहे, आणि पहिले सोंग दुसऱ्याला शिव्या देत आहे! सोंगांची नावे ज्याला ठाऊक नाहीत त्याच्या दृष्टीने हे एक साधे मत्सरगीत. ठाऊक असलेल्याला हसू आवरत नाही. त्याच संग्रहात ‘ऑल कॅप्स’ हे गीत आहे. आपले नाव लिहिताना सर्व अक्षरे मोठी घालावी, असे त्यात बजावलेले आहे. देवनागरीत लिहिणाऱ्याचा येथे नाइलाज आहे. आपल्या लिपीत अक्षरांना थोरली-धाकटी असा भेद नसल्यामुळे ही आज्ञा पाळताही येत नाही आणि मोडताही येत नाही.

मुखवट्याचा खेळ पुढे रंगमंचावर गेला आणि तेथे तो आंबट झाला. २००७ च्या सुमारास काही कार्यक्रमांत मुखवट्याआड डूम नसून दुसराच कोणी उभा असल्याचे प्रेक्षकांच्या लक्षात आले. चित्रकथेतील डॉक्टर डूमही स्वतःऐवजी हुबेहूब यंत्रमानव पाठवितो. तेव्हा हाही एक संदर्भच, असे समर्थन भक्तांनी केले. आपण लेखक आणि दिग्दर्शक आहोत, पात्र कोणाला द्यावयाचे ते आपण ठरवू, अशा अर्थाचे उत्तर त्याने स्वतःही दिले. उत्तर चतुर आहे. परंतु ज्यांनी तिकिटाचे पैसे मोजले त्यांचा संताप रास्तच होता. संदर्भ कितीही अचूक असला तरी त्यायोगे फसवणुकीचे काव्य होत नाही. तथापि एवढे खरे की, ज्याच्या चित्राकडे एकदा वरवर पाहून निकाल दिला गेला होता, तो आता प्रेक्षकांना विचारीत होता: तुम्ही पाहता तरी काय?

२०१० साली युरोपचा दौरा आटोपून परतताना अमेरिकेने त्याला प्रवेश नाकारला. जन्म लंडनचा, आणि अमेरिकेचे नागरिकत्व त्याने कधी घेतलेले नव्हते. जेथे सारे आयुष्य गेले तो देश एका दिवसात बंद झाला. बायकोमुले काही काळ तिकडे, तो इकडे. २०१२ सालच्या ‘की टु द कफ्स’ या संग्रहात लंडनची बोली डोकावते. ‘गव्हनर’ हे एका गीताचे शीर्षक म्हणजे लंडनच्या रस्त्यावरचे ‘मालक’. दुसऱ्या एका शीर्षकात तेथील कामकरी वस्तीच्या यमकी सांकेतिक भाषेचा उल्लेख आहे. ‘गव्हनर’मध्ये तो आपल्या आवाजाला एयाफ्यात्लायोकुत्ल या आइसलंडच्या ज्वालामुखीची उपमा देतो. एप्रिल २०१० मध्ये हा ज्वालामुखी भडकला आणि त्याच्या राखेमुळे युरोपातील विमाने जमिनीवर खिळून राहिली. त्याच वर्षी कवीही एका किनाऱ्यावर अडकला. तेव्हा राख म्हणजे त्याचे निर्वासन, असा अर्थ लावण्याचा मोह अनावर होतो. तो आवरलेला बरा. इंग्रजीत ज्याचा उच्चारही धड कोणाला येत नाही अशा नावाला यमक जुळवून दाखविण्याची ईर्षा, हे कारणही त्या ओळीला पुरेसे आहे. डूमच्या कडव्यांत केवळ ध्वनीसाठी आलेले शब्द पुष्कळ आहेत. जो भाष्यकार त्या सर्वांच्या पोटात भाऊ किंवा विरह शोधतो, तो त्या स्तंभलेखिकेचीच चूक उलट्या बाजूने करतो.

मुखवट्याबद्दलही एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. लोक ज्याला चित्रकथेतील डूमचा मुखवटा समजतात, तो पुढच्या काळात त्याने वापरलेला मुखवटा वस्तुतः २००० सालच्या ‘ग्लॅडिएटर’ चित्रपटातील शिरस्त्राणाच्या प्रतिकृतीवरून एका चित्रकार मित्राने बनविलेला होता. रोमच्या आखाड्यात गुलामांना लढावयास लावीत, त्यांतल्या एकाचे ते शिरस्त्राण. ही निवड विचारपूर्वक होती की बाजारात मिळाले ते घेतले, हे मुखवट्याकडे पाहून कळत नाही.

डॅनियल डुमिले ३१ ऑक्टोबर २०२० रोजी इंग्लंडमधील लीड्‌स येथे वयाच्या ४९ व्या वर्षी वारला. तो दिवस हॅलोवीनचा होता. त्या दिवशी इंग्लंड-अमेरिकेत मुले मुखवटे घालून दारोदार फिरतात. कुटुंबीयांनी ही वार्ता दोन महिने कोणाला कळू दिली नाही. ३१ डिसेंबरला त्याच्या पत्नीने ती प्रसिद्ध केली. मधल्या काळात, डिसेंबरच्या मध्यास, त्याच्या आवाजातील एक नवे गीत बाजारात आले होते. श्रोत्यांनी ते जिवंत माणसाचे गीत म्हणून ऐकले.